मोठेपणी ऑटिझमचं निदान : आधी अहवाल, मग प्रमाणपत्र

तिशी-चाळिशीत ऑटिझमचं निदान करून घ्यायला निघालेले बरेच जण दोन वेगळी कामं एकच समजतात. निदान हे वैद्यकीय काम. ते मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ करतात. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, हे सरकारी काम. ते सरकारी रुग्णालयातलं वैद्यकीय मंडळ करतं. निदान झालं म्हणून प्रमाणपत्र काढायलाच हवं, असं नाही. पण प्रमाणपत्र हवं असेल, तर सविस्तर अहवाल हातात नसताना मंडळापुढे जाऊ नका.

मानसशास्त्रज्ञाकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक आहे ना, हे आधी बघा. वेळ घेताना फोनवरच विचारा : प्रौढांचं मूल्यमापन करता का? लेखी अहवाल देता का? अनेक केंद्रं फक्त मुलांसाठी असतात आणि ते तिथं पोहोचल्यावर कळतं.

रक्ततपासणी किंवा एमआरआय करून ऑटिझम ठरत नाही. एक्यूची 50 प्रश्नांची किंवा आरएएडीएस-आरची 80 प्रश्नांची प्रश्नावली ही फक्त चाळणी आहे. तिच्यावरून शंका घ्यायला जागा मिळते, निदान होत नाही. डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेच्या निकषांनुसार सामाजिक देवाणघेवाणीतल्या तिन्ही प्रकारच्या अडचणी लागतात, शिवाय तोचतोचपणा, ठरलेपणाचा आग्रह, तीव्र आवडी आणि संवेदनांचा त्रास या चारांपैकी किमान दोन. आणि याची मुळं बालपणात असावी लागतात.

सगळ्यात जास्त अडतं ते या बालपणाच्या पुराव्यापाशी. आई-वडील सोबत येऊ शकले तर उत्तम. नाहीतर मोठी बहीण, मावशी, आत्या, लहानपण जवळून पाहिलेलं कोणीही चालेल. शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं शोधा. ‘एकटा बसतो’, ‘वर्गात मिसळत नाही’ असे शेरे फार उपयोगी पडतात. ‘लहानपणी शहाणं बाळ होतं’ एवढंच घरचे सांगतात, म्हणून त्यांना नेमकं विचारा : कोणते कपडे टोचायचे? पाहुणे आले की कुठे जायचो? जेवणात काय बदललं की रडायचो?

अहवालात चाचण्यांची नावं आणि गुण, बालपणीची लक्षणं, नोकरी-घर-प्रवासातल्या सध्याच्या अडचणी उदाहरणांसह, निदान, तारीख, सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक, इतकं असायला हवं. चिंता, नैराश्य, ओसीडी (तेच विचार आणि कृती पुन्हा पुन्हा येण्याचा आजार) किंवा एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) सोबत असेल तर तेही वेगळं लिहून घ्या. एडीएचडी 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत नाही, त्यामुळे फक्त तेवढ्यावर प्रमाणपत्र मिळत नाही.

प्रमाणपत्राचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा. आधार, फोटो, सही, पत्त्याचा पुरावा आणि अहवाल जोडा. नाव आणि जन्मतारीख आधारवर आहे तशीच भरा. प्रकार निवडताना ‘मानसिक आजार’ नको, ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’ निवडा. ही चूक झाली तर तपासणी वेगळ्याच मोजपट्टीने होते. रुग्णालय निवडताना तिथे मानसोपचार विभाग आहे का आणि ऑटिझमची तपासणी कोणत्या वारी होते, हे विचारून घ्या. जाताना सगळ्या मूळ प्रती न्या.

मंडळ आयएसएए ही भारतीय मोजपट्टी वापरतं : सहा विभाग, 40 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. 70 गुणांच्या खाली ऑटिझम नाही, 70 ला 40 टक्के दिव्यांगत्व. मधली पायरी नाही. पट्टीतले मुद्दे, जसं नजरेला नजर देणं, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणणं, हे मुख्यतः मुलांकडे पाहून केलेले आहेत. वर्षानुवर्षं स्वतःला सावरून, लोकांची नक्कल करून जगलेला प्रौढ अर्ध्या तासाच्या भेटीत ‘ठीक’ दिसतो आणि गुण कमी पडतात. गुण लक्षण किती वेळा दिसतं यावर असतात. म्हणून चांगल्या दिवसाचं उत्तर देऊ नका. फोन करण्याआधी वाक्यं लिहून काढावी लागतात, मिक्सर सुरू झाला की खोली सोडावी लागते, ऑफिसमधून आल्यावर दोन तास बोलता येत नाही, हे आठवड्यातून किती वेळा होतं ते सांगा. सोबत घरचं माणूस असू द्या. ‘बुद्ध्यांक चांगला आहे, नोकरी आहे, मग ऑटिझम कसा?’ असं कोणी म्हणालं तर अहवाल पुढे करा. बुद्ध्यांक आणि ऑटिझम या वेगळ्या गोष्टी आहेत.

40 टक्के किंवा त्याहून जास्त मिळाले तर सरकारी नोकरीतलं 4 टक्के आरक्षण लागू होतं. त्यातला 1 टक्का ऑटिझम आणि आणखी काही प्रकारांना मिळून आहे. राष्ट्रीय न्यास या सरकारी संस्थेच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. जुन्या कर-पद्धतीत आयकरात 75,000 रुपयांची वजावट मिळते, 80 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर 1,25,000. त्यासाठी आयकर खात्याचा ठरावीक फॉर्म लागतो आणि त्यावर मेंदूविकारतज्ज्ञ किंवा सिव्हिल सर्जन यांची सही लागते. मानसोपचारतज्ज्ञाची सही घेऊन आलात तर दुसरी फेरी पडते.

प्रमाणपत्र काढलं की सह्या करण्याचा, बँक खाते चालवण्याचा हक्क जातो, ही भीती घरोघरी असते. तसं होत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 13 तुमची कायदेशीर क्षमता इतरांइतकीच मानतं.

मंडळाने नाकारलं तर निर्णयाची लेखी प्रत आणि आयएसएएचे विभागवार गुण मागून घ्या. निर्णयाच्या तारखेपासून 90 दिवसांत अपील करता येतं. तेव्हा अहवाल लिहिणाऱ्या तज्ज्ञाकडून कमी पडलेल्या प्रत्येक विभागावर दोन-चार ओळींचं पुरवणी पत्र घेऊन जोडा.