पेट्रोल कुठल्या पंपावर भरायचं? या प्रश्नामागचा इतिहास

नवी गाडी घेतली की सल्ले आपोआप येतात. अमुक नाक्यावरच्या पंपावरच टाक, तमुक ठिकाणी टाकलंस तर अ‍ॅव्हरेज पडेल. सल्ला देणारा रिक्षावाला असो, गॅरेजवाला असो की शेजारचे काका, त्यांच्या बोलण्यात कंपनीचं नाव क्वचित येतं. येतो तो पंप आणि पंपाचा मालक. लोकांची ही सवय उगाच पडलेली नाही. तिच्यामागे पन्नासेक वर्षांचं सरकारी भावाचं राजकारण, रेशनचं रॉकेल आणि दोन खून आहेत.

मुंबईतल्या माहुलच्या खाडीकाठी 1954 मध्ये स्टॅनव्हॅकची (पुढे एस्सो) आणि 1955 मध्ये बर्मा-शेलची रिफायनरी सुरू झाली, तेव्हा रिफायनरीपासून पंपापर्यंतची साखळी बहुतेक एकाच कंपनीच्या हातात असे. मग राष्ट्रीयीकरण झालं. 1974 मध्ये एस्सोतून हिंदुस्तान पेट्रोलियम उभी राहिली, 1976 मध्ये बर्मा-शेल सरकारकडे आली आणि पुढच्या वर्षी भारत पेट्रोलियम झाली. इंडियन ऑइल आधीपासून सरकारीच होती. भाव दिल्लीत ठरू लागला आणि तिन्ही कंपन्या आपापसांत मालाची देवाणघेवाण करू लागल्या. ज्या भागात जिची रिफायनरी वा डेपो जवळ, तिथून दुसरीचेही टँकर भरले जातात. साध्या पेट्रोलला आयएस 2796 आणि डिझेलला आयएस 1460 हे एकच मानक सगळ्यांना लागू आहे. डेपोच्या फाटकापर्यंत साधं इंधन जवळपास सारखंच असतं. फरक पडतो तो प्रीमियम पेट्रोलमधल्या अ‍ॅडिटिव्हचा (वरून मिसळलेल्या रसायनांचा) किंवा ऑक्टेनचा (इंजिन न ठोकू देण्याच्या क्षमतेचा). ‘या कंपनीचं पेट्रोल दमदार आणि त्या कंपनीचं पाणचट’ या चर्चेला म्हणूनच फारसा आधार नाही. घोळ व्हायचा तो फाटकाबाहेर, भेसळीचा.

त्याचं मूळ रॉकेलात आहे. गरिबाच्या चुलीला आणि दिव्याला परवडावं म्हणून रेशनवरचं रॉकेल सरकारने वर्षानुवर्षं स्वस्त ठेवलं. 2002 पासून 2010 पर्यंत ते लिटरला साधारण नऊ रुपयांवर थांबलेलं होतं, तर डिझेल 2005-06 पर्यंत तिशीच्या घरात पोहोचलं होतं आणि पेट्रोल त्याच्याही वर. रॉकेल आणि डिझेल एकमेकांत बेमालूम मिसळतात, आणि एका लिटरमागे वीस रुपयांचा फरक. मोह किती जणांना आवरेल? राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने 2005 मध्ये केलेल्या पाहणीचा अंदाज असा, की रेशनचं जवळपास 38 टक्के रॉकेल काळ्या बाजारात जातं. रेशनच्या रॉकेलात निळा रंग घालायची पद्धत होती, पण तो रंग काढून टाकायच्या युक्त्याही तितक्याच जुन्या होत्या.

पंप मिळायचा कसा, हेही इथे आठवायला हवं. कित्येक वर्षं पंप म्हणजे मंत्र्याच्या मर्जीतली खिरापत होती. पेट्रोलियम मंत्र्याच्या स्वेच्छाधिकारातून झालेली पंधरा पंपांची वाटणी सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये रद्द केली. 2002 मध्ये पुन्हा वाटपावर गदारोळ झाला आणि केंद्र सरकारने तीन हजारांहून जास्त एजन्स्या एका फटक्यात रद्द करायचा निर्णय घेतला. तो न्यायालयात टिकला नाही, ही गोष्ट वेगळी. ओळखीवर पंप मिळवणाऱ्यावर कारवाई करायची तर अधिकाऱ्याला दहा वेळा विचार करावा लागणार, हे उघड आहे.

पेट्रोलमध्ये रॉकेल घातलं की ऑक्टेन घसरतो, इंजिन ठोकायला लागतं, धूर वाढतो. डिझेलमध्ये मात्र ते चटकन कळत नाही. इंजिनाचा इंधनपंप आणि इंजेक्टर हळूहळू झिजतात आणि बिल येतं ते सहा महिन्यांनी. लोकांच्या हाती आला तो फिल्टर पेपर. पेट्रोलचा एक थेंब टाकायचा, तो उडून गेल्यावर डाग राहिला तर भेसळ. पंपावर कागद मागायचा ग्राहकाला हक्क आहे आणि तो जरूर बजवावा. पण हा कागद रॉकेलसारख्या जड भेसळीला पकडतो. नाफ्था (पेट्रोलसारखाच हलका खनिज तेलाचा द्रव) किंवा हलकं सॉल्व्हंट मिसळलेलं असेल तर तेही पेट्रोलबरोबरच उडून जातं आणि कागद कोरा राहतो. भेसळ करणाऱ्यांना हे ग्राहकांच्या आधी कळलं. त्यामुळे 2000 मध्ये केंद्राला नाफ्था आणि सॉल्व्हंटच्या साठ्यावर, विक्रीवर स्वतंत्र आदेश काढावे लागले.

नोव्हेंबर 2005 मध्ये उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खिरी जिल्ह्यात इंडियन ऑइलचे तरुण विक्री अधिकारी एस. मंजुनाथ यांना गोळ्या घालून मारण्यात आलं. भेसळीसाठी सील केलेला पंप पुन्हा चालू झालेला पाहून ते तिथे तपासणीला गेले होते. महाराष्ट्रात ही बातमी ‘तिकडची’ म्हणून वाचली गेली. 25 जानेवारी 2011 ला ती इकडची झाली. मनमाडजवळच्या पानेवाडीत तिन्ही सरकारी कंपन्यांचे डेपो आहेत. तिथून उत्तर महाराष्ट्राकडे टँकर निघतात. त्या परिसरात टँकरची भेसळ चाललेली दिसली म्हणून मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे थांबले, आणि भर दिवसा त्यांना जाळून मारण्यात आलं. राज्यभरचे सरकारी कर्मचारी रस्त्यावर आले आणि पाठोपाठ ठिकठिकाणी धाडी पडल्या. डेपो ते पंप या वाटेवर काय चालतं ते त्या भागात सगळ्यांना माहीत होतं, हे त्या दिवसांत उघडपणे बोललं गेलं. ‘माहितीतला पंप’ ही कल्पना आपल्याकडे इतकी घट्ट का बसली, याचं उत्तर मला त्या काळात सापडतं.

कंपन्यांनीही हातपाय हलवले होते. भारत पेट्रोलियमने 2001 च्या सुमारास ‘प्युअर फॉर शुअर’चे फलक लावले, मग इतरांच्याही तशाच योजना आल्या. टँकरला छेडछाड न होणारी कुलपं बसली, पुढे जीपीएस आलं. ऑक्टोबर 2006 मध्ये रॉकेलात रासायनिक मार्कर मिसळायला सुरुवात झाली, म्हणजे चिमूटभर रॉकेलही पंपावर ओळखता यावं. कल्पना चांगली होती, पण तो प्रयोग अडीच वर्षांच्या आतच गुंडाळला गेला.

भेसळ कमी झाली ती पोलिसांच्या काठीपेक्षा हिशेबामुळे, असं माझं मत आहे. जुलै 2016 पासून रेशनच्या रॉकेलचा भाव पंचवीस-पंचवीस पैशांनी वाढत गेला. उज्ज्वलाचे सिलिंडर आले तसा कोटा आटला. 2020 पर्यंत रॉकेलवरची सबसिडी संपली आणि धंद्यातला मलिदाच गेला. दुसरा धक्का गंधकाने दिला. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने 2002 मध्ये इंधन टप्प्याटप्प्याने स्वच्छ करायचा आराखडा दिला होता. त्या वाटेने चालत 1 एप्रिल 2020 ला देशभर बीएस-6 (भारत स्टेज या प्रदूषण मानकांचा सहावा टप्पा) इंधन आलं, गंधक दहा लाखांत दहा भाग. रॉकेलच्या मानकात मात्र अडीच हजार भागांपर्यंत गंधक चालतं. तेवढं गंधक असलेलं एक लिटर रॉकेल शंभर लिटर डिझेलमध्ये पडलं तरी प्रयोगशाळेत मर्यादा ओलांडली जाते.

भेसळीचा फायदा आटला तसं लक्ष मापाकडे वळलं. 2017 मध्ये आधी लखनौला आणि नंतर ठाणे पोलिसांच्या धाडींत महाराष्ट्रभर, पंपाच्या मशीनमध्ये बसवलेल्या चिप सापडल्या. मीटर पूर्ण आकडा दाखवायचा आणि टाकीत कमी पडायचं. ‘झीरो बघा साहेब’ म्हणणाऱ्या पोऱ्याचा इथे काही उपयोग नाही, कारण झीरो खराच असतो. अशा वेळी पंपावरचं वैधमापनाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप मागायचं. (सीमेवरच्या लोकांचा हिशेब आणखी वेगळा. 2012 मध्ये गोव्यात पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळपास काढून टाकला तेव्हा सावंतवाडी-बांद्याच्या गाड्यांना पंप निवडण्यापुरती राज्याची हद्दही दिसेना.)

आताचा विषय इथेनॉल. त्याची सुरुवात घरातूनच झाली: 2001 च्या प्रायोगिक प्रकल्पांसाठी निवडलेल्या तीन ठिकाणांपैकी मिरज आणि मनमाड ही दोन महाराष्ट्रातली. 2003 मध्ये पाच टक्के मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, जून 2022 मध्ये देशाने दहा टक्क्यांचं उद्दिष्ट गाठलं आणि 2025 मध्ये वीस टक्के मिश्रण सर्वत्र आलं. साधं पेट्रोल घेणाऱ्याला पंप बदलून हे टाळता येत नाही. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांची आणि अ‍ॅव्हरेजची तक्रार रास्त असली तरी ती पंपवाल्याकडे करून उपयोग नाही.

पंपवाल्याच्या हातात आहे ते पाणी. पूर्वी जमिनीखालच्या टाकीत पावसाचं पाणी शिरलं तर ते तळाशी बसायचं आणि डिपरॉडला (टाकीत बुडवायच्या मापकाठीला) लावलेल्या पेस्टचा रंग बदलून कळायचं. इथेनॉल पाणी शोषून घेतं. ठरावीक प्रमाणानंतर पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तो थर खाली जातो, जिथून पंप इंधन उचलतो. जोरदार पावसानंतर एकाच पंपावर भरलेल्या पाच-दहा गाड्या एकदम बंद पडल्याच्या बातम्या येतात, त्यांत बहुतेकदा हेच असतं. सखल जागेतला, टाकीची झाकणं उघडीवाघडी असलेला पंप पावसाळ्यात टाळावा. ज्याचा खप जास्त, तिथला माल साठून राहत नाही. देशातल्या पंपांची संख्या दहाएक वर्षांत जवळपास दुप्पट होऊन लाखाच्या घरात गेली आहे, त्यामुळे दिवसभर माश्या मारणारे पंपही वाढलेत.

आणि घनता बघा. टँकर आला की त्याच्या चलनावर 15 अंश सेल्सिअसची घनता लिहिलेली असते. पंपावर हायड्रोमीटरने मोजून, तक्त्यावरून त्याच तापमानाला बदलून घेतलेली घनता तिच्याशी जुळवतात. घनमीटरला तीन किलोपेक्षा जास्त तफावत आली तर माल शंकास्पद. हा आकडा रोज फलकावर किंवा मशीनवर लावायचा असतो. मे महिन्याच्या दुपारी नुसता हायड्रोमीटर बुडवला तर चोख पेट्रोलही हलकं दिसेल, म्हणून तक्ता न उघडता आकडा सांगणाऱ्यावर विसंबू नये. घनतेच्या नोंदींची वही मागितली की काही पंपांवर ती लगेच पुढे येते आणि काही ठिकाणी मॅनेजर जेवायला गेलेला असतो.