पूर ओसरल्यावर मनाचं मोजमाप: थोडी पार्श्वभूमी

कृष्णेला पाणी चढू लागलं की सांगलीत ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "आयर्विनला किती?" म्हणजे आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी किती. 40 फुटांवर इशारा, 45 वर धोका. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. नंतर पंचनामे झाले. पडलेली घरं, वाहून गेलेली जनावरं, कुजलेला ऊस कागदावर आला. माणूस आतून किती सावरला, याचा रकाना पंचनाम्यात नसतो.

जगातही ही मोजणी उशिरानेच सुरू झाली. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने पाटण तालुका हादरला, तेव्हा 'पीटीएसडी' (मोठ्या आघातानंतर मनावर राहणारा ताणाचा विकार) हे निदानच अस्तित्वात नव्हतं. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत ते आलं 1980 मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी होरोविट्झ आणि सहकाऱ्यांनी आघाताचा परिणाम मोजणारी 15 विधानांची प्रश्नावली काढली होती. आधी मोजली गेली ती जखम.

सावरणाऱ्यांकडे लक्ष वळवण्यात मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांचा वाटा मोठा. हवाईतल्या कौआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा मागोवा त्यांनी आणि सहकाऱ्यांनी काही दशकं घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं आजारपण अशा ओझ्याखाली वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं धडपणे उभी राहिली. अशा मुलांच्या आयुष्यात जीव लावणारं कुणीतरी मोठं माणूस होतं. आईबाप नसले तर आजी, शेजारी, शिक्षक.

2003 मध्ये सावरण्याची क्षमता मोजणारी, कॉनर आणि डेव्हिडसन यांची 25 विधानांची मोजपट्टी आली. गेल्या महिन्याभराचा विचार करून प्रत्येक विधानाला 0 ते 4 गुण द्यायचे, एकूण 100. मार्ग दिसत नसला की कधी नशीब किंवा देव मदत करतो, असंही एक विधान त्यात आहे. 2008 मध्ये स्मिथ आणि सहकाऱ्यांनी अवघ्या 6 विधानांची पट्टी केली.

या पट्ट्या सोयीच्या आहेत, पण त्यांचे प्रश्न बहुतेक एकट्या माणसाच्या स्वभावाभोवती फिरतात. पलूस-मिरजेकडची पूरग्रस्त बाई सावरते त्यात तिचं माहेर असतं, बचत गट असतो, वेळेत उंचावर नेलेली म्हैस असते. संशोधक मायकेल उंगर यांनी भारतासह 11 देशांतल्या मुलांशी बोलून कुटुंब, समाज आणि संस्कृती धरून मोजपट्टी बांधली, ती मला म्हणूनच मोलाची वाटते.

आणि आपल्याकडे संकट एकदा येऊन संपत नाही: 2005, 2019, 2021. ओसरत्या पाण्यात भरून घेतलेल्या एका फॉर्मवर कुणाचं समुपदेशन थांबवू नये. पुढच्या जुलैत, पाणी पुन्हा चढू लागल्यावर, त्याच माणसाला तेच प्रश्न विचारायला हवेत.