फ्युएल सेलची वीज आणि ‘बँकेतली’ वीज

फ्युएल सेल म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा, न जाळता, संयोग करून वीज देणारं यंत्र; मागे उरतं ते पाणी. त्याचा इतिहास म्हटला की १८३९ ची ‘गॅस बॅटरी’ आणि अंतराळवीरांना विजेबरोबर पिण्याचं पाणीही पुरवणारे अपोलो यानातले सेल, हे दोन उल्लेख ठरलेले. कार्बनची फिकीर तेव्हा कुणालाच नव्हती.

जपानमध्ये २००९ पासून घराबाहेर बसवायच्या, कपाटाएवढ्या पेट्या विकल्या जाऊ लागल्या. पाइपमधून येणाऱ्या गॅसपासून हायड्रोजन काढायचा, त्याची वीज घरात वापरायची आणि उरलेल्या उष्णतेवर आंघोळीचं पाणी तापवायचं. गॅसमधला कार्बन यात सुटतोच. बचत होते ती उष्णता वाया न गेल्यामुळे. आपल्याकडे मात्र ‘धुराऐवजी पाणी’ एवढंच पोचलं.

एक किलो हायड्रोजनपासून चांगला सेल सोळा-सतरा युनिट वीज देतो. तोच किलो नैसर्गिक वायूपासून बनवला, तर कारखान्यातच नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे युनिटमागे सुमारे ६०० ग्रॅम. तो वायू आधुनिक कम्बाइन्ड सायकल (वायूच्या टर्बाइनमधून उरलेल्या उष्णतेच्या वाफेवरही वीज काढणाऱ्या) केंद्रात सरळ जाळला, तर ४०० ग्रॅमच्या आसपास. मग द्राविडी प्राणायाम कशासाठी?

त्यामुळे सगळा भार ‘हरित’ या शब्दावर, म्हणजे अक्षय विजेने पाण्यापासून काढलेल्या हायड्रोजनवर येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने मर्यादा ठरवली: हायड्रोजनच्या किलोमागे २ किलो कार्बन डायऑक्साइड, बारा महिन्यांच्या सरासरीने, वाहतूक वगळून. आकडा कागदावर कडक आहे. वाद आहे तो अक्षय ऊर्जेच्या व्याख्येत गुपचूप बसलेल्या ‘बँकिंग’चा. छतावर सोलर असलेल्यांना हा व्यवहार ठाऊक आहे: दुपारी जास्तीची वीज ग्रिडला द्यायची, रात्री तेवढी परत घ्यायची. बिलापुरता तो चोख आहे. पण रात्री तारेतून येते ती बहुतांशी कोळशाची वीज. इलेक्ट्रोलायझरला, म्हणजे विजेने पाण्यातून हायड्रोजन वेगळा करणाऱ्या यंत्राला, एका किलोसाठी पन्नासेक युनिटं लागतात. त्यातली फक्त तीन ग्रिडची धरली, युनिटमागे ७०० ग्रॅमने, की २ किलोंची मर्यादा संपली. तीच ‘बँकेतली’ धरली, तर हिशेबात कार्बन शून्य.

युरोपीय महासंघाने त्याच वर्षी वेगळी वाट धरली: अक्षय विजेची निर्मिती आणि वापर आधी महिन्यागणिक जुळवायचा, २०३० पासून तासागणिक. उद्योगांचं म्हणणं, असा नियम लावला तर सौर विजेवरचे इलेक्ट्रोलायझर रात्रभर थंड पडतील आणि हायड्रोजन आणखी महागेल. ते खोटं नाही.

महाराष्ट्राचं ८,५६२ कोटींचं हरित हायड्रोजन धोरण जुलै २०२३ मध्ये मंजूर झालं. केंद्राची व्याख्या आली त्यानंतर दीड महिन्याने.