पाण्यातली साखर नेमकी पकडायची कशी?

वडोदऱ्यात दांडिया बाजाराच्या आसपासच्या मराठी घरांत सकाळी चहाआधी ‘आज फास्टिंग (उपाशीपोटी रक्तातली साखर) किती आली?’ हा प्रश्न हमखास कानावर पडतो. उत्तर देणाऱ्या पट्टीवर एक एन्झाइम असते. जिवंत पेशींनी घडवलेले हे प्रथिन रक्तातून नेमके ग्लुकोज हुडकते. तसा रेणू माणसाला स्वतः घडवता येईल का? रसायनशास्त्रातला हा अतिशय चिवट प्रश्न आहे, आणि मला तो फार सुंदर वाटतो.

1890 साली सयाजीरावांनी इथे कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू केली. त्याच वर्षी जर्मनीत रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी ग्लुकोज प्रयोगशाळेत तयार केले. म्हणजे साखर घडवणे तेव्हाच जमले होते. तिला पाण्यात नेमके ओळखायला मात्र पुढे शतकाहून जास्त काळ गेला.

अडचण पाण्याचीच. ग्लुकोजच्या रेणूवर पाच हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात, आणि पाण्याचा रेणूही तशाच घडणीचा. शिवाय रक्तात ग्लुकोजच्या एका रेणूमागे पाण्याचे सुमारे 11 हजार. एवढ्या गर्दीत साखर वेगळी दिसणार कशी?

उत्तर साखरेच्या आकारात सापडले. ग्लुकोजच्या कड्यावरचे पाण्याला जवळ करणारे गट सगळे कडेला पसरलेले असतात. वरच्या आणि खालच्या बाजूला फक्त कार्बनला जोडलेले हायड्रोजन. तिथे पाण्याला धरायला काहीच नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ अँथनी डेव्हिस यांनी हेच हेरून देवळासारखा रेणू रचला. छत आणि जमीन म्हणजे सपाट बेंझिनची कडी, खांब म्हणजे युरियाचे गट. ग्लुकोज आत शिरले की वरची-खालची बाजू छताला आणि जमिनीला भिडते, कडेचे गट खांबांशी हायड्रोजन बंध जुळवतात. 2019 साली त्यांच्या गटाने प्रसिद्ध केलेला असा रेणू इतर बहुतेक साखरांपेक्षा ग्लुकोजला सुमारे शंभरपट घट्ट धरतो. गॅलॅक्टोज या दुसऱ्या साखरेत एकच गट कडेला न राहता वर उभा असतो. तेवढ्यानेही ती आत नीट बसत नाही.

2024 मध्ये नोव्हो नॉर्डिस्क या इन्सुलिन बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी साखर धरणारा असाच रेणू इन्सुलिनला जोडला. ग्लुकोज वाढले की हे इन्सुलिन जास्त जोमाने काम करते, घटले की मंदावते. ते प्रयोग प्राण्यांवरचे होते, पण हायपोच्या (रक्तातली साखर फार घटण्याच्या) भीतीने रात्री दचकून उठणाऱ्यांना या दिशेचे मोल सांगायला नको.

खरी कसोटी मात्र संयुक्त साखरांची. पेशींच्या पृष्ठभागावर त्यांच्या फांद्याफांद्यांच्या साखळ्या असतात, आणि त्यांत गॅलॅक्टोजसारखे उभे गट जागोजागी येतात. तिथे हे सपाट छत चालत नाही. रक्तगट ए आणि बी यांच्यातला फरक साखळीच्या टोकाच्या एकाच साखरेचा असतो, आणि त्या दोन साखरांतही एका गटापुरताच.