एका ‘नाय’चे दोन फुगे

गेल्या पावसाळ्यापासून काकांच्या तोंडी एकच शब्द उरलाय: ‘नाय’. चहा हवा असला तरी ‘नाय’, नको असला तरी ‘नाय’. मुंबईहून मुलाचा फोन आला की त्यालाही ‘नाय’. अर्धांगाचा झटका मेंदूच्या डाव्या बाजूला आला, त्यामुळे उजवा हात-पाय लुळा पडला आणि बोलणं गेलं. याला वाचाघात म्हणतात. माणसाला समजतं बरंचसं, पण शब्द जुळून बाहेर येत नाहीत. १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यविशारदाने असाच एक रुग्ण पाहिला होता. त्याला ‘टॅन’ एवढंच म्हणता यायचं, म्हणून सगळे त्याला टॅनच म्हणत. तो गेल्यावर त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा सापडली. तो भाग आज ब्रोकाच्याच नावाने ओळखला जातो.

काकांना घरी आणल्यावर मी कुडाळला गेलो, तेव्हा काकू डिस्चार्ज कार्ड हातात घेऊन ओटीवर बसली होती. गोळ्यांच्या नावांपुढे १-०-१, ०-०-१ असे आकडे. काकू सातवी शिकलेली, पेपर रोज वाचते. तिने विचारलं, ‘‘ह्या मधला पूज्य कित्याक?’’ मधलं शून्य म्हणजे दुपारी गोळी नाही, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

मग मी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर तक्ता काढला. सकाळ म्हणजे कोंबडा, दुपार म्हणजे सूर्य, रात्र म्हणजे चंद्रकोर. पूर्ण गोळीला गोल, अर्ध्या गोळीला अर्धा गोल. तक्ता भिंतीवर चिकटवला आणि स्वतःवर खूश होऊन मुंबईची गाडी पकडली. दोन दिवसांनी फोनवर कळलं, काकू कोलेस्टेरॉलची रात्रीची गोळी मोडून अर्धीच देतेय. चंद्र अर्धा, म्हणून गोळी अर्धी! नुकसान काही झालं नाही, पण चूक माझीच होती. चित्र कोणालाही बघताक्षणी कळतं असं आपण धरून चालतो, आणि तिथेच फसतो. ते ज्याच्यासाठी काढलं त्याच्याकडून एकदा वदवून घ्यावं लागतं: ‘आता तूच सांग, रात्री काय द्यायचं?’

नीट काढलेल्या चित्राचा उपयोग मात्र मोजलेला आहे. १९९६ मध्ये अमेरिकेत जखमेला टाके घालून घरी जाणाऱ्या २३४ रुग्णांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना नुसत्या लेखी सूचना दिल्या, निम्म्यांना त्याच सूचना व्यंगचित्रांसह. तीन दिवसांनी फोन करून विचारलं, तेव्हा जखमेच्या काळजीबद्दलच्या सगळ्या प्रश्नांची बरोबर उत्तरं चित्रवाल्यांपैकी ४६ टक्क्यांनी दिली, नुसत्या मजकुरावाल्यांपैकी ६ टक्क्यांनी. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास १२१ हृदयरुग्णांचा होता. अँजिओग्राफी म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी. तिच्याआधीच्या नेहमीच्या समजावणीला १५ पानी चित्रकथेची, म्हणजे कॉमिकची, जोड दिली, तर रुग्णांना प्रक्रिया जास्त कळली आणि त्यांची धास्तीही कमी झाली. हे अभ्यास लहान आहेत, त्यांवरून फार मोठ्या गप्पा मारू नयेत. पण कारण उमजण्यासारखं आहे. डॉक्टरांचं बोलणं कानावरून वाहून जातं, आणि घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात एका वेळी दोन-चार गोष्टींपलीकडे काही ठरत नाही. चौकटी कागदावर थांबून राहतात. नजर पुन्हा मागे जाऊ शकते. शिवाय शब्द आणि चित्र अशा दोन वाटांनी आत गेलेली गोष्ट जास्त पक्की बसते, ही कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ ॲलन पाव्हिओ यांची मांडणी.

इथपर्यंत झाली ती सूचनापत्रकं. मला जास्त ओढ आहे ती पुढच्या गोष्टीची. काकांच्या कार्डावर एक ओळ होती: ‘दर दोन तासांनी कूस बदलावी.’ एकाच जागी दाब राहिला की तिथला रक्तपुरवठा तुटतो, कातडी मरते आणि शय्याव्रण होतात, म्हणून. वाचायला दोन सेकंद लागतात. चित्रकथेत हीच ओळ दिवसाला बारा चौकटी मागते. रात्री अकरा: काकू पदर खोचून काकांच्या पाठीखाली हात घालते. एक: तीच खोली, तीच काकू, बाहेर पाऊस. तीन: वीज गेलेली, दाताखाली टॉर्च. पाच: कोंबडा. आणि चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत काय झालं असेल, ते वाचणारा स्वतःच भरतो. काकू झोपली असेल की नुसती पडून राहिली असेल? केसपेपरवर या पट्टीला जागाच नसते.

आजारपण असं चित्रकथेतून मांडण्याच्या कामाला ‘ग्राफिक मेडिसिन’ हे नाव २००७ मध्ये वेल्समधले डॉक्टर आणि चित्रकथाकार इयन विल्यम्स यांनी दिलं. शिकागोच्या एड्स वॉर्डात परिचारिका असलेल्या एम. के. सरविक यांनी तिथल्या दिवसांची चित्रकथा केली. ब्रायन फाइझ या अमेरिकन चित्रकाराने आईच्या कर्करोगाची कथा २००४ मध्ये आपलं नाव न घालता इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली, आणि पुढच्याच वर्षी तिला चित्रकथांच्या जगातला मानाचा आयस्नर पुरस्कार मिळाला. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात तर वैद्यकीय विद्यार्थ्यांना चित्रकथा वाचायला आणि काढायलाही लावतात. हात चांगला नसला तरी चालतो.

हे सगळं परदेशी वाटत असेल, तर कुडाळहून पिंगुळीला जाऊन या. तिथले ठाकर कलावंत चित्रांची पोथी समोर धरतात आणि एकेक चित्र दाखवत रामायण-महाभारतातली आख्यानं गातात. सावंतवाडी संस्थानाचा या चित्रकथीला आश्रय होता. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तीही याच परंपरेसाठी. चित्रांतून दुःख सांगणं आपल्याकडे बालिश मानलेलं नाही. वनवास काय, थट्टेचा विषय आहे? आरोग्यखात्याची पत्रकं मात्र चित्र म्हटलं की हसरा डॉक्टर काढतात आणि त्याच्या तोंडी फुग्यात अख्खं भाषण घालतात. लेप्टो असो की माकडताप, डॉक्टर तोच. त्यात लावणीच्या चिखलात पायाला भेग पडलेली बाई नसते, आणि दिवसाची मजुरी बुडवून तपासणीला जायचं की नाही हा तिचा हिशेब तर नसतोच.

चित्रकथेकडे दोन तऱ्हेचे फुगे असतात: एक बोलण्याचा, टोकदार शेपटीचा, दुसरा विचारांचा, ढगासारखा. एकाच चौकटीत, एकाच माणसाच्या डोक्यावर दोन्ही काढता येतात. मुंबईकर मुलाला काकू फोनवर सांगते, ‘‘आमी बरे आसो.’’ हा शेपटीचा फुगा. ढगात काय असतं ते मी पाहिलेलं आहे. काकांचं तर सगळंच ढगात. वाचाघातात काहींची चित्र काढण्याची शक्ती थोडीफार शाबूत राहते, आणि वाचाउपचारतज्ज्ञ तिचा उपयोग करून घेतात. सगळ्यांनाच ते जमतं असं नाही.

दिवाळीनंतर काका खळ्यात खुर्चीवर बसायला लागले. रोज दुपारी चारच्या सुमाराला ते अस्वस्थ व्हायचे. ‘नाय, नाय, नाय.’ काकूने चहा दिला, बेडपॅन दिलं, रेडिओ लावला, शाल काढली. काही लागू पडेना. मी गेलो तेव्हा तिने माझी वही ओढून घेतली. रांगोळी घालणारा हात, काकांचं टक्कल एका झटक्यात काढलं. तोंडापाशी फुगा, त्यात ‘नाय’. डोक्यावर मोठा ढग, रिकामा. वही त्यांच्या मांडीवर ठेवली आणि पेन्सिल डाव्या हातात दिली.

बराच वेळ काही झालं नाही. मग ढगात एक लांब वाकडी रेघ आली. तिच्या एका टोकाला गोळा, दुसऱ्या टोकाला तीन काठ्या आणि काठ्यांवर झिपऱ्या. मला साप वाटला. काकूने वही उलटीसुलटी केली आणि कपाळावर हात मारला.

‘‘अगो बाय माझे! तेंका माडांका पाणी सोडूचा आसा.’’

झटक्याच्या आधी, पाऊस सरला की रोज चारला पंप लावायचं काम काकांचं होतं. आता ते गडी सकाळीच उरकून जातो. काकूने पडवीतलं बटण दाबलं, विहिरीवरून घरघर ऐकू आली. काका म्हणाले, ‘‘नाय,’’ आणि खुर्चीत मागे टेकले.