काइका आणि मानकाइ: साकुरा उमलला की बहरला?

दरवर्षी मार्च संपत आला, जपानमध्ये साकुरा, म्हणजे चेरीची झाडं, फुलायची वेळ झाली की मला कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच, "अगं टोक्योत साकुरा फुलला म्हणे, न्यूजमध्ये दाखवला, आम्ही परवाच पोचतोय, काय टायमिंग जमलंय!" त्यांचा आनंद घालवायचं जिवावर येतं पण सांगावं तर लागतं, की बातमी आलीये ती काइकाची, आणि तुम्ही जो फोटो बघून तिकीट काढलंय तो मानकाइचा आहे. आपण मराठीत दोन्हीला "फुलला"च म्हणतो, इंग्लिश साइट्सवर पण बऱ्याचदा नुसतं ब्लूम ब्लूम लिहिलेलं असतं, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

काइका म्हणजे उमलायला सुरुवात. मानकाइ म्हणजे ऐन बहर. कासच्या पठारावर जाऊन आलेल्यांना हे पटकन कळेल, सीझन सुरू झाला म्हणून पहिल्याच आठवड्यात धावत गेलं की हिरवं गवत आणि मधेमधे तुरळक फुलं, आणि पुढे योग्य दिवसात गेलेली माणसं त्याच पठाराचे जांभळे-पिवळे गालिचे फोटोत टाकतात. साकुराचं तसंच, फक्त इथे सगळा हिशोब आठ-दहा दिवसांत उरकतो, आणि विमानाचं तिकीट आधीच काढलेलं असतं.

आता हे ठरवतं कोण, तर जपानचं हवामान खातं. प्रत्येक प्रमुख शहरात त्यांचं एक ठरलेलं झाड असतं, टोक्योचं यासुकुनी मंदिराच्या आवारात आहे, ओसाकाचं किल्ल्यातल्या निशिनोमारू बागेत. खात्याचा माणूस त्या झाडाखाली उभा राहून फुलं मोजतो, टीव्हीचे कॅमेरे त्याच्यावर रोखलेले असतात, आणि पाच-सहा फुलं उमललेली दिसली की काइका जाहीर. पाच-सहा फुलं, अख्ख्या झाडावर! देशभर ब्रेकिंग न्यूज होते ती या पाच-सहा फुलांची. आणि त्याच झाडावरच्या ८० टक्क्यांच्या आसपास कळ्या उघडल्या की मानकाइ. १०० टक्क्यांची वाट कुणी बघत नाही, कारण शेवटच्या कळ्या उघडेपर्यंत पहिल्या फुलांच्या पाकळ्या गळायला लागलेल्या असतात.

मी हे पुस्तकात वाचून शिकले नाही. पहिल्यांदा आईबाबांना घेऊन गेले तेव्हा ज्यांच्याकडून प्लॅन करून घेतला होता त्यांनी क्योतोचे दिवस बरोब्बर काइकाच्या तारखेवर बसवले होते, "पीक सीझन" म्हणून हॉटेलचे पैसेही तसेच लावले. कालव्याच्या कडेने आम्ही दोन तास चाललो, फांद्या काळ्या, टोकाला गुलाबी कळ्यांचे झुबके, आणि आई मला वाईट वाटू नये म्हणून म्हणत होती, कळ्या पण किती छान दिसतायत गं. परतीच्या दिवशी एअरपोर्टवरच्या टीव्हीत झाडं पांढरी व्हायला लागलेली दिसली. त्या दिवसापासून मी कुणालाही नुसती "साकुराची तारीख" सांगत नाही, विचारते, कुठली तारीख? काइकाची की मानकाइची?

आकडे एकदा नीट बघून घ्या. हवामान खात्याची १९९१ ते २०२० या तीस वर्षांची सरासरी धरली तर टोक्योत काइका २४ मार्च आणि मानकाइ ३१ मार्च. क्योतोत काइका २६ मार्च पण मानकाइ ४ एप्रिल, ओसाकात २७ मार्च आणि ४ एप्रिल, हिरोशिमात २५ मार्च आणि ३ एप्रिल. गंमत बघा, काइका बघितली तर टोक्यो आणि क्योतोत दोनच दिवसांचा फरक, पण मानकाइत चार दिवसांचा. म्हणून जायचा क्रमसुद्धा मानकाइवरून ठरवायचा, आधी टोक्यो, मग क्योतो-ओसाका. टोक्योत उतरा आणि ओसाकाच्या कान्साइ एअरपोर्टवरून परत या, उलटं करू नका. मधे शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, आहेच, त्यातल्या नोझोमी गाडीने टोक्यो ते क्योतो सव्वादोन तास, आणि एवढ्या एकाच मोठ्या प्रवासासाठी जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेचा ठरावीक दिवसांचा पास, घेऊ नका, २०२३ च्या ऑक्टोबरपासून सात दिवसांचा पास ५०,००० येन झालाय, सुटं तिकीट साधारण १४,००० ला पडतं.

पण सरासरी ही सरासरीच. २०२३ मध्ये टोक्योत १४ मार्चलाच काइका झाली आणि २२ मार्चला मानकाइ, पुढच्याच वर्षी २०२४ मध्ये काइकाच २९ मार्चला आणि मानकाइ ४ एप्रिलला. लागोपाठच्या दोन वर्षांत मानकाइत तेरा दिवसांचा फरक! २०२५ ला मात्र सरासरीच्या जवळ गेलं, ३० मार्चला मानकाइ, म्हणजे आपल्याकडे दारात गुढी उभी होती त्याच दिवशी.

एवढं मागेपुढे का होतं याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. शहरांमध्ये बहुतेक झाडं सोमेइ योशिनो या एकाच जातीची, एदो काळाच्या शेवटी, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, सोमेइ गावातल्या माळ्यांनी ती पसरवली, ते गाव आता टोक्योतच आलंय. ही झाडं बीपासून करत नाहीत, कलम करतात, त्यामुळे सगळी एकाच झाडाच्या नकला, आणि म्हणूनच एका भागातली सगळी झाडं एकदम फुलतात आणि एकदम गळतात. कळ्या उन्हाळ्यातच तयार होऊन झोपी जातात, त्यांना जागं करायला आधी थंडी लागते आणि मग ऊब. तिथे एक साधा हिशोब सांगतात, १ फेब्रुवारीपासून रोजचं कमाल तापमान मिळवत जायचं, बेरीज ६०० झाली की टोक्योत काइका होते. अगदी अचूक नाही पण अंदाजाला बरा पडतो. थंडी कमी पडली तर झोप नीट मोडत नाही, म्हणून पार दक्षिणेला असूनही कागोशिमाची सरासरी काइका २६ मार्च, टोक्योच्याही नंतर. दक्षिणेत आधी फुलणार असं धरून चालणारे इथे चुकतात.

आणि काइका झाली म्हणजे सात दिवसांनी मानकाइ होईलच असंही नाही. मधे थंडी परत आली तर फुलं थबकतात, या थंडीला जपानीत हानाबिए असं खास नाव आहे. २०२० मध्ये तर २९ मार्चला फुललेल्या साकुरावर टोक्योत बर्फ पडला होता. तेव्हा "स्प्रिंग आहे" म्हणून नुसते कुर्ते भरून नेऊ नका, संध्याकाळी झाडाखाली बसायचं तर जॅकेट हवंच, ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर मफलर पण.

जुन्या लोकांना यातलं काय महत्त्वाचं वाटायचं ते क्योतोच्या नोंदींवरून दिसतं. सन ८१२ पासूनच्या रोजनिशा आणि बखरी चाळून यासुयुकी आओनो या संशोधकांनी तारखांची यादी लावलीये, आणि त्या तारखा बहराच्या आहेत, पहिल्या फुलाच्या नाहीत, कारण साकुराखालची मेजवानी बहरात व्हायची आणि लिहिणारा मेजवानीबद्दल लिहायचा. त्या बाराशे वर्षांच्या यादीत २०२१ चा बहर, २६ मार्चचा, तोवरचा सगळ्यात लवकरचा ठरला. हे वाचून मला आनंद नाही झाला, काळजी वाटली.

बरं, मेजवानीचा विषय निघालाच आहे तर खाण्याकडे येऊ. "हाना योरी दांगो", फुलांपेक्षा दांगो, ही त्यांची म्हण, आपलं आधी पोटोबा मग विठोबा. हानामी दांगो म्हणजे काडीला टोचलेले गुलाबी, पांढरा, हिरवा असे तीन तांदळाचे गोळे, आणि ते काइकाला पण मिळतात, मानकाइला पण. साकुरामोची तर मार्चच्या आधीपासून दुकानात. त्यातही टोक्यो आणि क्योतो वेगळे बरं का, टोक्योकडे गव्हाच्या पिठाच्या पातळ धिरड्यात लाल बीन्सचं गोड सारण गुंडाळतात, क्योतो-ओसाकाकडे भरड चिकट तांदळाचा गोळा करून आत सारण, दोन्हीवर साकुराचं खारवलेलं पान. हळदीच्या पानातली पातोळी आठवा, तसाच पानाचा वास गोडात उतरतो, फक्त हे पान खाता येतं. आईला क्योतोचा प्रकार आवडला, मला टोक्योचा.

मानकाइचा खरा फटका बसतो तो जेवणाच्या जागांना. मानकाइचा शनिवार-रविवार असेल तर क्योतोत गिओन, मारुयामा पार्कच्या बाजूला आयत्या वेळी टेबल मिळणं कठीण, तेव्हा एक तर आधी बुक करा किंवा जपानी लोकांसारखं करा, मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात खाण्याचा बाजार असतो, देपाचिका म्हणतात, तिथून बेन्तो, म्हणजे जेवणाचा डबा, घ्या आणि झाडाखाली चादर पसरा. काइकाच्या आठवड्यात गेलात तर हेच सगळं निवांत होतं, हे काइकाच्या बाजूने सांगायलाच हवं. टोक्योच्या शिंजुकु ग्योएन बागेत दारू चालत नाही हे लक्षात ठेवा, तिकीट ५०० येन.

शाकाहारी लोकांनो, तुमचा प्रश्न मांसाचा नाहीये, दाशीचा आहे. दाशी म्हणजे बहुतेकदा सुकवलेल्या माशाचं पाणी, ते सूपमध्ये, सॉसमध्ये, भाजीतसुद्धा असतं, दिसत नाही म्हणून वेटर पण "नाही, मासा नाही" म्हणून मोकळा होतो. एक वाक्य पाठ करा, "निकु मो साकाना मो साकाना नो दाशी मो ताबेरारेमासेन", मांस, मासा, माशाची दाशी काहीच चालत नाही. क्योतोत मंदिरांचं शोजिन र्‍योरी, म्हणजे बौद्ध भिक्षूंचं शाकाहारी जेवण, मिळतं, नानझेनजी मंदिराजवळ युदोफू, म्हणजे कोंबू शेवाळाच्या पाण्यात गरम केलेलं टोफू, पण बुडवून खायचा सॉस मात्र विचारून घ्या. फिलॉसॉफर्स पाथ हा कालव्याकाठचा रस्ता संपतो तिथून नानझेनजी चालत जवळच आहे, तेव्हा सकाळी फुलं आणि दुपारी टोफू असा दिवस छान बसतो.

आता तुमच्या तारखा फिक्स आहेत आणि अंदाज चुकला तर काय, तर दोन्हीकडचे उपाय वेगळे. लवकर पोचलात, नुसती काइका झालीये, तर सोमेइ योशिनोच्या मागे लागू नका, फांद्या खाली झुकलेला शिदारेझाकुरा शोधा, तो बऱ्याचदा आधी फुलतो, मारुयामा पार्कमधला मोठा शिदारे रात्री दिवे सोडल्यावर बघा. उशिरा पोचलात तर क्योतोत निन्नाजी मंदिरातला ओमुरो साकुरा, बुटकी झाडं, फुलं जवळजवळ तोंडासमोर, एप्रिलच्या मध्यापर्यंत टिकतो. ओसाकात सरकारी टांकसाळीच्या आवारातला रस्ता १८८३ पासून दरवर्षी आठवडाभर लोकांना उघडतात, साधारण एप्रिलच्या मध्याला, तिथे दाट पाकळ्यांचा यायेझाकुरा. किंवा नाराजवळ योशिनो डोंगर, खालून वर बहर चढत जातो, खाली गळला तरी वर सापडतो.

आणि मानकाइ उलटून दोन दिवस झाले, पाऊस पडला, म्हणून हॉटेलात बसून राहू नका. वाऱ्यावर पाकळ्या उडतात त्याला हानाफुबुकी, फुलांचं वादळ, आणि पाण्यावर साचून तरंगतात त्याला हानाइकादा, फुलांचा तराफा. टोक्योतल्या मेगुरो नदीवर किंवा क्योतोच्या त्या कालव्यावर सकाळी सातच्या आत जा. मला तर आता मानकाइपेक्षा हेच जास्त आवडतं.

शेवटी मुलांच्या शाळेचा प्रश्न. आपल्याकडे परीक्षा आणि रिझल्ट उरकेपर्यंत एप्रिल अर्धा जातो, तोवर टोक्यो-क्योतोत झाडं हिरवी झालेली असतात, आणि तरीही एप्रिलअखेरच्या टूर्सवर साकुराचा फोटो छापलेला असतो. अशा वेळी सरळ उत्तरेला जा. सेंदाइची सरासरी मानकाइ १३ एप्रिल, हाकोदाते २ मे, साप्पोरो ५ मे, आणि तिकडे काइका ते मानकाइ चार-पाच दिवसांतच होतं त्यामुळे बातमी आल्यावर निघायला वेळ कमी. आओमोरी प्रांतात हिरोसाकी किल्ल्याचा खंदक एप्रिलच्या शेवटी पाकळ्यांनी भरून जातो. फक्त २९ एप्रिल ते ५ मे गोल्डन वीक असतो, अख्खा जपान प्रवासात, आणि तिकडे जाणाऱ्या हायाबुसा गाडीत विना रिझर्वेशनचा डबाच नाही. बुकिंग बरोबर महिनाभर आधी सकाळी दहाला उघडतं, म्हणजे भारतात साडेसहाला, अलार्म लावून बसा.