महामार्गाची अधिसूचना निघाली? २१ दिवसांत हरकत कोणी, कशी आणि कोणत्या कागदांसह द्यायची

गावाच्या शिवारातून चौपदरी रस्ता जाणार असं कळलं की पारावर पहिला प्रश्न निघतो, एकरी किती भेटणार? प्रश्न खरा आहे, पण त्याची वेळ नंतर येते. मोबदल्यावर बोलायला कायद्यात पुढे आणखी टप्पे आहेत. आपली पांधण रस्त्याखालून कुठे जाईल, नाल्याचं पाणी कुठून निघेल, ढोरं पलीकडच्या चराईवर कशी जातील, हे कायद्याने लेखी ऐकून घेतलं जातं ते मात्र सुरुवातीलाच, आणि त्याला २१ दिवसांची मुदत आहे. बरीच गावं हे दिवस भावाच्या चर्चेत घालवतात. म्हणून या लेखात जास्त जागा त्या २१ दिवसांना दिली आहे.

आधी नोटीस नीट वाचा. रस्ता राष्ट्रीय महामार्ग असेल, उदाहरणार्थ बुटीबोरीहून वर्धा, यवतमाळमार्गे नांदेडकडे जाणारा ३६१ क्रमांकाचा, तर भूसंपादन राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ खाली होतं. पवनारहून निघणाऱ्या प्रस्तावित शक्तिपीठ महामार्गासारखा राज्याचा प्रकल्प असेल तर महाराष्ट्र महामार्ग अधिनियम, १९५५ लागतो. त्याची कलमं वेगळी आहेत, त्यामुळे तिथे नोटिशीत छापलेली मुदत आणि अधिकारीच प्रमाण धरा. पुढची माहिती १९५६ च्या कायद्याची आहे.

मुदत कधीपासून मोजायची

पहिली अधिसूचना कलम ३ए ची. तिच्यात गाव, गट क्रमांक आणि जाणारं क्षेत्र दिलेलं असतं. ती केंद्राच्या राजपत्रात निघते आणि तिचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत येतो, त्यांपैकी एक मराठी असतं. कायद्यात २१ दिवस ३ए ची अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून मोजायचे आहेत. पेपरातली जाहिरात राजपत्रानंतर काही दिवसांनी येऊ शकते. तेव्हा राजपत्राची तारीखच धरून चाला, म्हणजे उशिराचा वाद उरत नाही. हरकत 'सक्षम प्राधिकारी' म्हणून नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची. आपल्याकडे हे काम बहुतेक वेळा उपविभागीय अधिकारी किंवा भूसंपादनाचे उपजिल्हाधिकारी यांच्याकडे असतं. नाव-हुद्दा अधिसूचनेतच असतो.

हरकत कोण देऊ शकतो

ज्याचा त्या जमिनीत हितसंबंध आहे तो. सातबाऱ्यावरचा मालक तर आलाच. सामाईक खात्यातला प्रत्येक हिस्सेदार स्वतःच्या सहीने वेगळी हरकत देऊ शकतो, आणि द्यावीच. पांधण, गावठाणाची किंवा सार्वजनिक वापराची जागा जात असेल तर ग्रामपंचायतीने स्वतः हरकत द्यावी.

अवघड जागा त्यांची आहे ज्यांचं वावर संपादनात जात नाही, पण वावराचा रस्ता जातो. मोबदल्याच्या यादीत त्यांचं नाव येत नाही आणि त्रास मात्र आयुष्यभराचा होतो. अशा शेतकऱ्यांनी आपला वहिवाटीचा हक्क सांगून अर्ज द्यावा. कायद्यालाही हा हक्क माहीत आहे : कलम ३जी(२) प्रमाणे वापराचा किंवा वहिवाटीचा हक्क संपादित झाला तर ठरलेल्या रकमेच्या १० टक्के रक्कम जमीनमालकाला आणि ज्यांच्या वापराला बाधा आली त्यांना देय असते. शिवाय ग्रामपंचायतीच्या हरकतीत या सगळ्यांचे गट क्रमांक घालून घ्यावेत.

कागद

चालू सातबारा, आठ-अ, त्या गटाचे फेरफार, आधार कार्ड, गटाचा नकाशा आणि मोजणी झाली असल्यास तिची 'क' प्रत. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून निघतो आणि तो चालतो. विहीर, बोअर, संत्र्याची बाग, सागवान, ठिबक, गोठा यांची नोंद सातबाऱ्यावर आहे का ते आजच पाहा. नसेल तर ई-पीक पाहणीत फोटोसह नोंद करा, आणि तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) वेगळा अर्ज देऊन पोच घ्या.

सातबाऱ्यावर अजून वारलेल्या वडिलांचंच नाव असेल तर वारस फेरफाराचा अर्ज लगेच टाका. मात्र त्याची वाट पाहत हरकत थांबवू नका. फेरफाराच्या नोटिशीचे दिवसच १५ असतात. हरकतीवर 'वारस म्हणून' असं लिहून मृत्यू दाखला आणि फेरफार अर्जाची पोच जोडा.

विदर्भातल्या गावांकडे आणखी एक कागद असतो आणि तो फार कमी लोक मागतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ चं निस्तारपत्रक आणि कलम १६५ चं वाजिब-उल-अर्ज. चराई, जळतण, ढोरांची वाट, पाण्याचा व जाण्या-येण्याचा रिवाज अशा गोष्टी त्यांत नोंदलेल्या असतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्या. सोबत भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा घ्या. त्यावर दुहेरी तुटक रेषेत दाखवलेला गाडीमार्ग दिसतो. 'आम्ही पिढ्यानपिढ्या इथून जातो' या वाक्यापेक्षा ही रेषा सुनावणीत जास्त काम करते.

हरकतीत लिहायचं काय

'आमचा विरोध आहे' एवढ्या एका ओळीचे शे-दोनशे अर्ज एकाच झेरॉक्सवर जातात आणि एकाच ओळीत फेटाळले जातात. विरोध असेल तर तो जरूर लिहा, कारणासह लिहा. पण त्याच अर्जात, संपादन झालंच तर काय हवं, हेही जागेसकट मागा. नमुन्यादाखल एक परिच्छेद देतो :

'मौजे अमुक येथील गट क्र. अमुक व अमुक यांच्या मधल्या धुऱ्याने जाणारी पांधण गाव नकाशावर गाडीमार्ग म्हणून दर्शविलेली आहे. पलीकडील इतक्या खातेदारांची वहिवाट याच मार्गाने आहे. नियोजित रस्त्यामुळे हा मार्ग बंद होत असल्याने सदर ठिकाणी भुयारी मार्ग द्यावा, त्याची उंची व रुंदी लेखी कळवावी, आणि तो शक्य नसल्यास जवळच्या भुयारी मार्गापर्यंत दोन्ही बाजूंनी सेवा रस्ता द्यावा. गाव नकाशाची प्रत जोडली आहे.'

उंचीचा आग्रह उगाच नाही. भुयारी मार्ग मंजूर झाला, पण तो माणसं आणि ढोरांपुरताच निघाला, तर कुटाराने भरलेली ट्रॉली त्यातून जात नाही, मळणीयंत्र जात नाही, हार्वेस्टर तर नाहीच. मग सोयाबीन काढायच्या घाईत चार किलोमीटरचा फेरा, तोही भरधाव गाड्यांच्या बाजूने. गावातलं सर्वांत उंच आणि सर्वांत रुंद यंत्र टेपने मोजा आणि तो आकडा अर्जात टाका.

दुसरा मुद्दा पाण्याचा. आपल्या काळ्या मातीत पावसाचं पाणी फक्त नाल्यातून जात नाही, उताराने वावरभर पसरत जातं. मध्ये भराव आला की वरच्या अंगाला ते तुंबतं आणि तूर उभ्या उभ्या जळते. नकाशावर नाला दिसतो म्हणून तिथे पूल येतो. उताराची जागा नकाशावर दिसत नाही, म्हणून तिथे मोरी येत नाही. पावसाळ्यात पाणी साचलेले, वाहिलेले फोटो असतील तर गट क्रमांक लिहून जोडा.

हरकतीच्या दोन प्रती करा आणि एकीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घ्या. लांब राहणाऱ्यांनी पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावी. प्रत महामार्गाच्या प्रकल्प संचालकांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी. भुयारी मार्गाचा आराखडा बदलणं शेवटी रस्ता बांधणाऱ्या यंत्रणेच्या हातात असतं, महसूल अधिकाऱ्याच्या नाही.

सविस्तर प्रकल्प अहवाल आणि नकाशे माहिती अधिकारात १० रुपयांत मागता येतात, पण उत्तराला ३० दिवस आहेत आणि हरकतीला २१. आधी हरकत, मग उत्तर आल्यावर पुरवणी निवेदन, हाच क्रम ठेवा.

सुनावणी आणि ग्रामसभा

हरकतदाराला स्वतः किंवा वकिलामार्फत म्हणणं मांडायचा हक्क आहे. एका गावाची सुनावणी एकाच दिवशी असेल तर सगळ्यांनी तेच ते बोलू नये. एकाने पांधणीवर, एकाने पाण्यावर, एकाने शाळेच्या पोरांच्या रस्त्यावर बोलावं. निघताना आपलं म्हणणं रोजनाम्यात (सुनावणीच्या लेखी नोंदीत) आलं का ते वाचूनच सही करा. या टप्प्यावरचा सक्षम प्राधिकाऱ्याचा आदेश कायद्याने अंतिम असतो.

विशेष ग्रामसभा लावून ठराव घ्या. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांत जी संख्या कमी ती लागते. ठरावातही गट क्रमांक आणि ठिकाणं हवीत. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळच्या पेसा क्षेत्रातल्या (आदिवासी अनुसूचित क्षेत्रांच्या पंचायत कायद्याखालच्या) गावांत संपादनाआधी ग्रामसभेशी सल्लामसलत कायद्यानेच आवश्यक आहे. जंगल जात असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याचे वैयक्तिक आणि सामूहिक दावे, मंजूर असोत की प्रलंबित, हरकतीला जोडा.

मोठ्या नव्या महामार्गाला पर्यावरण मंजुरी लागते आणि त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळ जनसुनावणी घेतं. किमान ३० दिवस आधी जाहिरात येते, पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो. तिथे जमीन जाणाराच नव्हे, शेजारच्या गावचाही माणूस बोलू शकतो आणि लेखी देऊ शकतो. २१ दिवस हुकले असतील तर ही संधी सोडू नका.

त्यानंतर

हरकती निकाली निघाल्यावर कलम ३डी ची संपादनाची घोषणा होते आणि जमीन केंद्राच्या नावे होते. ३ए पासून वर्षभरात ३डी निघाली नाही तर पहिली अधिसूचना रद्दबातल ठरते. न्यायालयाची स्थगिती असेल तर तो काळ धरत नाहीत. मग मोबदल्याचे दावे मागवले जातात. १ जानेवारी २०१५ पासून २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे मोबदल्याचे निकष इथेही लागतात. बाजारभाव, झाडं-विहिरीची किंमत आणि त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम. वावराचे दोन तुकडे झाले, कोपऱ्यात औतही फिरणार नाही असा त्रिकोण उरला, तर कलम ३जी(७) प्रमाणे त्या नुकसानीचा दावा वेगळा मांडायचा असतो. तो आपोआप धरला जात नाही.

मोबदल्याचा निवाडा कमी वाटला तर 'हरकत राखून' असं लिहून रक्कम घ्यावी आणि केंद्राने नेमलेल्या लवादाकडे अर्ज करावा. भावाभावांत वाटणीचा वाद असेल तर रक्कम दिवाणी न्यायालयात जाते आणि तिथेच अडकून राहते. तो वाद संयुक्त मोजणीच्या आधी घरात मिटवून, सर्वांच्या सह्यांचं संमतीपत्र करून ठेवा. मोजणीच्या दिवशी सर्व हिस्सेदारांनी धुऱ्यावर हजर राहावं आणि झाडं, पाइपलाइन, विहीर पंचनाम्यात आली का ते तिथेच पाहावं.